घरच्या बागेसाठी भाज्यांचे वाण आणि मोठी झाडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाकिटावरचा फोटो बघून बी घ्यायचे आणि बहरलेली फुले बघून झाड, अशीच बहुतेकांची सुरुवात होते. माझीही तशीच झाली. पुढे जे प्रश्न मला पडले आणि जे लोक पुन्हा पुन्हा विचारत राहिले, ते इथे एका जागी आणले आहेत. एकाच गोष्टीचा संबंध दोन प्रश्नांशी येतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. जागा नुकतीच मोकळी केली आहे. आधी झाडे लावू की भाजीचे वाफे करू?

कागदावर आधी झाड, जमिनीत आधी भाजी. भाजीचा वाण चुकला तर तीन महिने जातात. झाड चुकले तर ते वीस वर्षांनी कळते आणि तेव्हा कुऱ्हाडीशिवाय इलाज उरत नाही. म्हणून भाजीत बिनधास्त प्रयोग करावेत आणि झाड घेताना मात्र सोयरीक जुळवताना करतो तेवढी चौकशी करावी.

जागेचा नकाशा काढा आणि झाडाचा पूर्ण वाढलेला घेर त्यावर वर्तुळाने दाखवा. कर्कवृत्ताच्या उत्तरेला दुपारची सावली बारा महिने उत्तरेकडेच पडते, म्हणून झाड वाफ्याच्या उत्तरेला हवे. मकरवृत्ताच्या दक्षिणेला याच्या बरोबर उलट. दोन्ही वृत्तांच्या मधल्या पट्ट्यात सूर्य वर्षातला काही काळ दुसऱ्या बाजूला जातो, म्हणून तिथे सावली दोन वेगवेगळ्या ऋतूंत बघून घ्यावी. नकाशा पक्का होईपर्यंत मेथी, मुळा, पालक पेरायला काहीच हरकत नाही.

२. "भरपूर ऊन" म्हणजे नक्की किती तास?

टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, काकडी, भोपळा अशा फळभाज्यांना थेट ऊन सहा ते आठ तास हवे. मुळा, गाजर, बीट चार ते सहा तासांत भागवतात. पालेभाज्यांना तीन-चार तासही चालतात आणि कडक उन्हाळ्यात तर थोडी सावली त्यांना मानवते. सुट्टीच्या दिवशी दर तासाला जागेचा फोटो काढा, अंदाजापेक्षा हे बरे. आपल्याकडे दिवसभर ऊन असते असे सांगणाऱ्यांच्या जागेत मोजल्यावर चार तासच भरतात, हे मी बऱ्याचदा पाहिले आहे.

३. वाण आणि जात यात फरक काय?

टोमॅटो ही जात, आणि त्यातला गोल, लांबट किंवा द्राक्षाएवढा ठरावीक टोमॅटो हा वाण. फरक किती मोठा असू शकतो ते कोबीकडे पाहून कळते. पानकोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि केल ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीची, माणसाने निवडत निवडत वेगळी केलेली रूपे आहेत. त्यामुळे "आमच्याकडे टोमॅटो येतच नाही" असे कोणी म्हणाले की माझा पहिला प्रश्न असतो, कुठला वाण?

४. संकरित घ्यावे की गावरान? संकरित बी म्हणजे जनुके बदललेले बी का?

नाही. दोन निवडक शुद्ध वंशांच्या फुलांचा हाताने किंवा शेतात संकर केला की त्याच्या पहिल्या पिढीला एफ-१ संकरित म्हणतात. परागीभवन तेच, फक्त नवरा-नवरी ठरवून दिलेले. प्रयोगशाळेत जनुके बदलणे ही निराळीच गोष्ट आहे.

संकरित रोपे एकसारखी, जोमदार आणि पुष्कळदा रोगाला चिवट असतात. तोटा एकच, त्यांचे बी धरून पेरले तर पुढची पिढी विखुरते. एखादे रोप आजोबांवर जाते, एखादे आजीवर. सरळ वाणाचे, म्हणजे असा ठरवून संकर न केलेल्या वाणाचे, बी नीट धरले तर आईसारखेच येते, आणि गावरान म्हणजे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला सरळ वाण.

जागा थोडी, रोगाचा त्रास जास्त आणि बी धरायची हौस नाही, अशा घरी संकरित वाण घेण्यात कमीपणा नाही. चवीसाठी आणि बियाण्यासाठी एखादा गावरान वाण शेजारी ठेवावा. मी टोमॅटो दोन्ही लावतो. वर्ष वाईट गेले तर संकरित लाज राखतो, चांगले गेले तर गावरान मन जिंकतो.

५. पाकिटावर "६५ दिवस" लिहिले होते, माझ्याकडे १०० लागले. बी खोटे निघाले का?

बी बहुधा खरेच आहे, मोजणी कुठून सुरू करायची एवढाच घोळ आहे. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, फ्लॉवर यांची रोपे करून मग पुनर्लागवड करतात, म्हणून त्यांचे दिवस सहसा पुनर्लागवडीपासून धरतात. रोप तयार व्हायला पाच ते आठ आठवडे लागतात, ते वेगळे. मुळा, गाजर, घेवडा, काकडी, मका थेट पेरतात, म्हणून त्यांचे दिवस पेरणीपासून. शिवाय थंडीत किंवा अर्ध्या उन्हात सगळेच रेंगाळते. हा आकडा दोन वाणांची तुलना करायला वापरावा. तो ५५ चा वाण ८० च्या आधी येईल एवढेच खात्रीने सांगतो.

६. टोमॅटोच्या पाकिटावर व्ही, एफ, एन, टी अशी अक्षरे असतात. ती कशाची?

रोगप्रतिकाराची. व्ही म्हणजे व्हर्टिसिलियम मर (बुरशीमुळे रोप सुकण्याचा रोग), एफ म्हणजे फ्युजेरियम मर, एन म्हणजे मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी आणि टी म्हणजे टोबॅको मोझॅक विषाणू. एफ दोनदा असेल तर फ्युजेरियमच्या दोन प्रकारांना तो वाण टिकतो. अमेरिकेत १९८४ साली बक्षीस मिळालेला 'सेलिब्रिटी' हा संकरित टोमॅटो अजून घरोघरी लावला जातो, त्यामागे या अक्षरांचा हात मोठा आहे.

मात्र तुमच्या मातीत जो रोग नाही त्याचे अक्षर असून उपयोग नाही, आणि जो आहे त्याचे नसेल तर फोटो कितीही सुंदर असो, तो वाण सोडून द्यावा. गेल्या वर्षी रोपे ऐन फळावर दुपारी माना टाकत होती? मग एक रोप उपटून पाहा. मुळांवर गाठी दिसल्या तर एन हवे. खोड आडवे कापल्यावर आतून तपकिरी दिसले तर व्ही-एफ हवे. प्रतिकार म्हणजे अभेद्य कवच नव्हे, रोगाचा जोर फार असेल तर असे वाणही थोडेफार बळी पडतात. आणि फळाच्या बुडाला पडणारा काळा डाग यात कुठेच येत नाही. तो रोग नाही. पाणी कधी तुडुंब आणि कधी कोरडे दिल्याने फळाला कॅल्शियम पोचत नाही, त्याचा तो परिणाम आहे.

७. टोमॅटोचा वाण निवडताना पहिल्यांदा काय पाहायचे?

रंग नाही, आकार नाही, वाढीची सवय पाहायची. डिटरमिनेट वाण ठरावीक उंचीला शेंडा थांबवतो आणि त्याची बहुतेक फळे दोन-चार आठवड्यांत एकदम येतात. सॉस करून बाटल्या भरणाऱ्यांना हे सोयीचे. इनडिटरमिनेट वाण हवामान साथ देईल तोवर वाढत राहतो, दोन मीटर सहज ओलांडतो, त्याला मांडव किंवा उंच काठी लागते आणि फळे थोडी थोडी पण बरेच दिवस मिळतात. पहिल्या प्रकाराची बगलफूट (पानाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब) काढत बसलात तर फळेच कमी होतात. हे नुकसान मी स्वतःच्या हाताने एक पूर्ण हंगाम करून घेतले आहे, पाकिटामागचा एक शब्द न वाचल्यामुळे.

जागा उष्ण असेल तर आणखी एक गोष्ट. दिवसा पारा साधारण ३२ अंशांच्या वर आणि रात्री २१ ते २४ च्या खाली उतरत नसेल, तर परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. मोठ्या फळांचे वाण आधी हार मानतात. चेरी टोमॅटो त्यामानाने तग धरतो, आणि उष्णतेत फळ धरणारे म्हणून वेगळे वाण मिळतात. खत वाढवून ही गळ थांबत नाही.

८. कांद्याची पात गुडघ्याएवढी झाली, पण कांदा पोसतच नाही. काय कमी पडले?

दिवसाची लांबी कमी पडली. हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि बहुतेक लोक तोवर तीन वेळा खत घालून बसलेले असतात.

कांदा गड्डा धरायला कधी लागायचे ते दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. आखूड दिवसांच्या वाणांना १० ते १२ तास, मध्यम दिवसांच्या वाणांना १२ ते १४ आणि लांब दिवसांच्या वाणांना १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. उष्ण कटिबंधात दिवस कधीच १४ तासांपर्यंत जात नाही. त्यामुळे थंड देशातून हौसेने मागवलेला लांब दिवसांचा वाण तिथे नुसती पातच देत राहतो. उलट, ४५-५० अक्षांशावर आखूड दिवसांचा वाण वसंतात लावला तर रोप लहान असतानाच त्याला गड्डा धरायचा इशारा मिळतो आणि हाती गोट्यांएवढे कांदे येतात.

ढोबळमानाने विषुववृत्तापासून ३५ अक्षांशापर्यंत आखूड दिवसांचे वाण, त्यापलीकडे लांब दिवसांचे आणि सीमेवर मध्यम. कांद्याच्या पाकिटावर याचा उल्लेखच नसेल तर ते पाकीट घेऊ नये. कांद्याला डेंगळे (फुलांचे दांडे) येण्याचे कारण मात्र वेगळे आहे. रोपाचे खोड पेन्सिलएवढे जाड झाल्यावर काही आठवडे थंडी लागली की ते फुलायच्या मागे लागते.

९. पालक, कोथिंबीर, लेट्यूस चार पाने देऊन लगेच फुलावर येतात. कुठला वाण घेऊ?

"उशिरा फुलावर येणारा" असे पाकिटावर लिहिलेला. पालक दिवस लांबले की फुलतो, कोथिंबीर आणि लेट्यूसला त्यात उष्णतेचीही भर पडते. वाण बदलून दोन-तीन आठवडे वाढवून मिळतात, त्याहून जास्त आशा धरू नये. खरा उपाय म्हणजे थोडे थोडे बी दर पंधरा दिवसांनी पेरणे. लेट्यूसमध्ये गड्डा बांधणाऱ्या वाणापेक्षा सुट्या पानांचा घ्यावा, फुलावर यायच्या आत पाने तरी खुडता येतात. त्याचे बी कडक उन्हाळ्यात उगवतच नाही, झोपी जाते. तेव्हा ते थंड जागी अंकुरवून मग लावावे.

१०. बाल्कनीत फक्त कुंड्या आहेत. वेगळे वाण लागतात का?

लागतात असे नाही, पण मदत होते. काकडी, भोपळा, घेवडा यांचे झुडपी वाण घ्या. गाजर घ्यायचे तर आखूड किंवा गोल, लांब गाजर उथळ कुंडीत वाकडेतिकडे होते. पालेभाजीला १५ ते २० सेंटिमीटर खोली पुरते. टोमॅटोला किमान ३० सेंटिमीटर खोली आणि १५-२० लिटर माती हवी, तीही डिटरमिनेट वाणाला (प्रश्न ७).

११. भोपळ्याला नुसती नर फुले येताहेत. बी बदलू का?

दोन आठवडे थांबा. भोपळा, दुधी, दोडका, कारले या सगळ्यांत आधी नर फुले येतात, मागून मादी. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते, त्यावरून ओळखा. मादी फुले येऊनही ती पिवळी पडून गळत असतील तर मधमाश्या कमी आहेत. मग सकाळी नर फूल तोडून हाताने पराग लावा. दुधीची आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, त्यांचे परागीभवन त्याच वेळी करायचे.

काकडीत मात्र दोन अपवाद आहेत आणि तिथे लोक हमखास फसतात. काही संकरित वाणांना जवळजवळ फक्त मादी फुले येतात. त्यांच्या पाकिटात नर फुले देणाऱ्या वाणाचे थोडे रंगवलेले बी मिसळलेले असते. रंगीत बी खराब समजून फेकले की वेल फुलांनी भरतो आणि फळ धरत नाही. दुसरा प्रकार परागाशिवाय फळ धरणाऱ्या वाणांचा. जाळीच्या घरात किंवा उंच गच्चीवर, जिथे माशी फिरकत नाही, तिथे तो वरदानच. पण शेजारी साधी काकडी असेल आणि माश्या येत असतील तर त्याच्या फळांत बी धरते आणि काही फळे वेडीवाकडी होतात.

१२. ढोबळी मिरचीशेजारी तिखट मिरची लावली तर ढोबळी तिखट होईल का?

या वर्षी नाही. फळाची साल आणि गर आईच्या झाडाचा असतो, पराग कुणाचाही असो. संकर होतो तो आतल्या बियांत. ते बी पुढच्या वर्षी पेरलेत तर मात्र तिखट ढोबळी खायची तयारी ठेवा.

अपवाद मक्याचा. तिथे आपण खातो तो दाणा म्हणजे बीच, त्यामुळे परागाचा परिणाम त्याच कणसात दिसतो. गोड मक्यावर साध्या मक्याचा पराग पडला तर ते दाणे पिठूळ होतात. अतिगोड वाण याला फार संवेदनशील असतात. त्यांना दुसऱ्या मक्यापासून लांब लावावे, ते जमत नसेल तर दोन्हींचा तुरा किमान दोन आठवड्यांच्या फरकाने येईल अशी पेरणी करावी. मका एका लांब ओळीत न लावता चार आखूड ओळींच्या चौकोनात लावावा. पराग वाऱ्याने पडतो, एकट्या ओळीत कणसे अर्धी रिकामी राहतात.

१३. पुढच्या वर्षासाठी बी घरीच धरायचे आहे. कशापासून सुरुवात करू?

टोमॅटो, वाटाणा, घेवडा, लेट्यूस यांपासून. यांचे फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे थोडे अंतर ठेवले तरी वाण शुद्ध राहतो. अर्थात मूळ वाण सरळ हवा (प्रश्न ४). भोपळावर्ग, मका, पालक, मुळा, कोबी हे शेजारच्याशी लगेच संकर करतात, ते सरावल्यावर. कांद्याचे बी एक-दोन वर्षांतच जीव सोडते. टोमॅटोचे चार वर्षे आणि काकडीचे पाच वर्षे टिकते, कोरड्या थंड जागी ठेवले तर.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. भोपळा, दुधी, काकडी, झुकिनी यांचे घरी धरलेले बी किंवा खतातून आपोआप उगवलेला वेल शोभेच्या किंवा रानटी कडू प्रकाराशी संकर झालेला असू शकतो. अशा फळात कुकुरबिटासिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि ते शिजवून जात नाही. असे फळ चिरल्यावर कणभर चाखून बघा. कडू लागले तर थुंका आणि सगळे फेकून द्या, मसाला घालून खपवू नका. कारले याला अपवाद, त्याचा कडूपणा निराळ्या द्रव्यांचा आणि त्याचा स्वभावच तो.

१४. रोपाच्या चिठ्ठीवर "उंची ५ मीटर" आहे. तेवढेच होईल ना?

चिठ्ठीवरची उंची पुष्कळदा पहिल्या दहा वर्षांची असते. झाड दहाव्या वर्षी थांबत नाही. पूर्ण वाढीची उंची आणि घेर स्वतः शोधून काढा. शक्य असेल तर त्याच जातीचे चाळीस वर्षांचे झाड प्रत्यक्ष पाहून या. माझ्या मते या लेखातले सगळ्यात उपयोगी काम हेच आहे.

लेलँड सायप्रसचे उदाहरण बोलके आहे. १८८८ मध्ये वेल्समधल्या एका बागेत दोन सुचिपर्णी झाडांचा योगायोगाने संकर झाला आणि हे झाड मिळाले. वर्षाला जवळपास मीटरभर वाढते म्हणून ब्रिटनमध्ये लोकांनी ते कुंपणाला लावले. कात्री थांबली की ते २० ते ३० मीटरपर्यंत जाते. शेजाऱ्यांची भांडणे इतकी वाढली की २००३ च्या कायद्यात उंच जिवंत कुंपणांसाठी वेगळा भाग घालावा लागला.

१५. घरापासून झाड किती लांब लावायचे? सोटमूळ पाया फोडते का?

आठ मीटरपर्यंत वाढणारे झाड भिंतीपासून किमान ३ मीटर, मध्यम झाड ५-६ मीटर आणि मोठे झाड ९-१० मीटर किंवा अधिक. वर विजेच्या तारा असतील तर त्याखाली ६-७ मीटरहून उंच होणारे काहीही नको.

सोटमुळाची भीती बरीचशी अनाठायी आहे. मोठ्या झाडाची बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या मीटरच्या आसपास आडवी पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर जातात. मुळे धडधाकट पाइप सहसा फोडत नाहीत. गळका सांधा शोधतात, आत शिरतात आणि मग जाड होतात. तरी विलो, पॉप्लर आणि वड-पिंपळ-फायकसचे कुळ नळांपासून, टाकीपासून आणि भिंतींपासून खूप लांबच बरे. चिकणमातीवर बांधलेल्या घराला धोका निराळा. झाड माती शोषून कोरडी करते, माती आक्रसते आणि पाया खचतो. अशा जागी वरची अंतरे वाढवा.

१६. लवकर सावली हवी आहे. भराभर वाढणारे झाड का नको?

भराभर वाढणाऱ्या झाडांपैकी बऱ्याच जणांचे लाकूड कमकुवत असते आणि फांद्या अरुंद कोनात फुटतात. असा सांधा बाहेरून भक्कम दिसतो, पण आत साल दबलेली असते आणि एखाद्या वादळात तो चिरतो.

अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड पेअरची कथा ऐकण्यासारखी आहे. १९६३ मध्ये तिथल्या कृषी खात्याने हे शोभेचे झाड बाजारात आणले. वाढ झपाट्याची, वसंतात पांढऱ्या फुलांनी लगडणारे, आणि स्वतःच्या परागाने फळ न धरणारे, म्हणजे कचराही नाही. पंधरा-वीस वर्षांत झाडे उभी चिरू लागली. मग चिवट म्हणून त्याच जातीचे दुसरे वाण आले, त्यांच्याशी ब्रॅडफर्डचा संकर झाला, फळे धरली, पक्ष्यांनी बी पसरवले आणि काटेरी रानझाडांनी मोकळी जागा व्यापली. ओहायोत २०२३ पासून आणि साउथ कॅरोलिनात २०२४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. एकटा वाण वांझ असला तरी जात वांझ नसते. "याला फळ येत नाही" असे कोणी सांगितले तर हे आठवा. तुमच्या भागात उपद्रवी ठरलेल्या झाडांची यादी असेल तर ती खरेदीआधी पाहावी.

घाई असेल तर तात्पुरते वेगवान झाड आणि कायमचे संथ झाड शेजारी लावून पुढे पहिले काढायचे, असा सल्ला दिला जातो. मी देत नाही. पहिले झाड वेळेवर काढणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. लवकर सावली हवी तर मांडव घालून वेल चढवावा. आणि फार मोठे रोप विकत घेऊन वेळ वाचत नाही, मोठ्या रोपाला नव्या जागी रुळायला जास्त वर्षे लागतात आणि तेवढ्यात लहान रोप त्याला गाठते.

१७. घर गार राहावे म्हणून झाड कुठल्या बाजूला लावू?

पश्चिमेला. दुपारनंतरचे तिरपे ऊन छपराने अडत नाही, झाडाने अडते. त्याखालोखाल पूर्वेला. थंड हिवाळ्याच्या प्रदेशात दुपारचा सूर्य ज्या बाजूला असतो तिथे पानगळीचे झाड लावतात, म्हणजे हिवाळ्यात ऊन घरात येते. पण उघड्या फांद्याही बरेच ऊन अडवतात, म्हणून तिथे विरळ फांद्यांची जात निवडा. वाऱ्यासाठी लावायचे असेल तर भिंतीसारखे गच्च कुंपण नको. थोडा वारा झिरपू देणारी झाडांची रांग आपल्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत आडोसा देते.

१८. झाड नर की मादी हे आधी कळते का?

पपई, खजूर, गिंको यांच्यात नर-मादी झाडे वेगळी असतात, आणि बियांपासून केलेल्या रोपात ते फुलण्याआधी दिसून कळत नाही. गिंकोला फुलायला वीस वर्षांहून जास्त लागतात आणि मादीच्या गळलेल्या बियांना कुजल्या लोण्याचा वास येतो. म्हणून गिंको घ्यायचे तर खात्रीच्या नर झाडाचे कलमच घ्या. पपईत एका खड्ड्यात तीन रोपे लावून फुले आल्यावर नको ती काढायची. तिच्यात उभयलिंगी झाडेही असतात, ती एकटीच फळतात. घरात कुणाला परागाची ॲलर्जी असेल आणि झाड वाऱ्यावर पराग सोडणारे असेल, तर स्वच्छ म्हणून विकले जाणारे नर झाड तुमच्यासाठी उलट त्रासाचे.

१९. फळझाड कलमी घ्यावे की बियांपासून केलेले?

कलमी. बियांपासून आलेले आंबा, पेरू, सफरचंद आईसारखे निघेलच असे नाही, आणि फळायला वर्षेही जास्त घेते. शिवाय कलमात झाडाची उंची पुष्कळदा खालचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळांचे रोप, ठरवतो. एम-९ नावाच्या खुंटावरचे सफरचंद अडीच-तीन मीटरवर थांबते, पण त्याला जन्मभर आधाराची काठी लागते. कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवा आणि त्याखालून फुटणारे धुमारे लगेच काढा. ते राहिले तर काही वर्षांनी तुम्ही खुंटाचीच फळे खात बसता.

अपवाद काही आंब्यांचा आणि बहुतेक लिंबूवर्गीय झाडांचा. त्यांच्या एका बीतून अनेक कोंब येतात आणि त्यातले बहुतेक संकरातून नव्हे, थेट आईच्या पेशींतून वाढलेले असतात. ती रोपे आईसारखीच निघतात. फळायला वेळ मात्र त्यांनाही लागतो.

२०. रोपवाटिकेत रोप कसे पारखायचे?

पानांकडे शेवटी बघा. पिशवी किंवा कुंडी काढून मुळे पाहू द्या म्हणावे. बुंध्याभोवती गोल गोल फिरलेली जाड मुळे असतील तर रोप घेऊ नका, दहा वर्षांनी तीच झाडाचा गळा आवळतात. मधला शेंडा एकच आणि सरळ असावा. लावताना खोड जिथे मुळांकडे फुगते तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. खोल गाडलेले झाड मरायला काही वर्षे घेते, म्हणून दोष त्या दिवसाला जात नाही.

२१. मोठ्या झाडाखाली भाजी येईल का?

सावलीपेक्षा मुळांची चढाओढ जास्त नडते. खोदून वाफा केला तर झाडाची मुळे तुटतात आणि वर्षभरात ती वाफ्यात परततात. पालेभाजी उथळ कुंड्यांत ठेवा. काळ्या अक्रोडाखाली प्रकरण आणखी बिघडते. त्याच्या मुळांतून, पानांतून जुग्लोन नावाचे द्रव्य उतरते आणि टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची पिवळी पडून मरतात. कांदा, गाजर, मका, घेवडा ते सोसतात. झाड तोडले तरी मुळे कुजेपर्यंत परिणाम राहतो.

२२. कुंपणाला एकाच जातीची झाडे ओळीने लावू का? सुंदर दिसतील.

दिसतील, रोग येईपर्यंत. १८४५ मध्ये आयर्लंडच्या गरिबांचे पोट 'लम्पर' या एकाच बटाट्याच्या वाणावर चालत होते. करपा आला आणि सगळे शेत एकदम गेले. झाडांत हेच डच एल्म रोगाने केले, एल्मच्या रांगा लावलेले रस्ते ओसाड झाले. अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये शहरांसाठी एक हिशेब मांडला. एका जातीची झाडे १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) २० हून आणि एका कुळाची ३० हून जास्त नकोत. घरात झाडेच पाच, तिथे टक्के काढून काय करणार. पाचांची कुळे निदान तीन असावीत एवढे बघा. भाजीतही एका पिकाचे दोन वाण लावा, एक पारखलेला आणि एक नवा.

२३. झाड चुकीच्या जागी लावून बसलो. आता हलवता येईल का?

लावून दोन-तीन वर्षेच झाली असतील तर येईल. खोडाच्या जाडीच्या दहा ते बारापट व्यासाचा मातीचा गोळा मुळांसकट उचलावा लागतो. ३ सेंटिमीटर खोडाला ३० ते ३६ सेंटिमीटरचा गोळा दोघांना पेलतो. १० सेंटिमीटर खोडाचा गोळा मीटरभर होतो, तिथे यंत्र लागते. वाढ थंडावलेल्या ऋतूत, ढगाळ दिवशी हलवा आणि पुढचा पूर्ण उन्हाळा पाणी द्या.

त्याहून जुने असेल तर शेंडा छाटून लहान ठेवू, असा विचार मनात येईल. तो सोडा. शेंडा कापलेल्या झाडाला तिथून काठ्यांसारखे धुमारे फुटतात, ते वरच्यावर चिकटलेले असतात आणि पहिले मोडतात तेच. जाणकाराकडून एकेक फांदी मुळाशी छाटून घेर कमी करता येतो का ते विचारा. तेही शक्य नसेल तर झाड आताच काढून जागेवर योग्य जातीचे लावा. भिंतीजवळच्या माझ्या फायकसच्या बाबतीत मी हा निर्णय सहा वर्षे पुढे ढकलला, आणि शेवटी झाड काढण्याबरोबर अंगणातल्या फरशाही नव्याने बसवाव्या लागल्या.